पुलियात नऊ रात्री, दोनच मुक्काम

पुण्याच्या एका जोडप्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला २५ वर्षे होत आहेत, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नऊ रात्री हाताशी आहेत आणि दक्षिण इटलीच्या समुद्रकाठी जरा थाटात राहायचे आहे. नवरा मासे खातो, बायको पूर्ण शाकाहारी आहे आणि गाडी दोघेही चालवतात. एवढ्या दिवसांत पुलिया आणि अमाल्फी असे दोन्ही किनारे बसतील का, आणि पैसा नेमका कुठे सैल सोडावा, हे त्यांना हवे आहे.

मी बरीच वर्षे इटलीच्या सहली आखून देतो. त्या अनुभवावर पहिले उत्तर असे, की अमाल्फी या खेपेला सोडून द्या. नकाशावर ते शेजारी वाटतात, पण पुलियाच्या किनाऱ्यावरून अमाल्फीच्या तोंडाशी असलेल्या सालेर्नोपर्यंत पोहोचायलाच साडेतीन-चार तास लागतात आणि पुढचा डोंगरकड्याचा अरुंद रस्ता वेगळा. जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात आणि तिसरा दिवस थकवा काढण्यात जातो. पुलिया म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. तिला सुमारे ८०० किलोमीटरचा किनारा आहे, पूर्वेला एड्रियाटिक आणि पश्चिमेला आयोनियन असे दोन समुद्र आहेत, आणि नऊ रात्रीसुद्धा तिला कमीच पडतात. महिना मात्र तुम्ही अगदी योग्य निवडला आहे. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे सगळी इटली समुद्रावर लोटते, ती गर्दी सप्टेंबरमध्ये ओसरलेली असते आणि उन्हाळाभर तापलेले पाणी मात्र अजून ऊबदार असते.

दुसरी गोष्ट मुक्कामांची. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला नऊ रात्रींत पाच हॉटेले दिली होती आणि त्या आखणीचा मला अभिमानही वाटला होता. परत आल्यावर त्यांनी जे सांगितले ते असे, की रोज सकाळी बॅग भरायची, अकराला खोली सोडायची, तीनपर्यंत पुढची खोली मिळायची नाही, आणि या मधल्या चार तासांत, म्हणजे नेमक्या भर उन्हात, सामानाने भरलेली गाडी कुठे ठेवायची याची चिंता करायची. महागड्या खोल्यांचे भाडे देऊन त्यांनी त्या खोल्या फक्त रात्री पाहिल्या. तेव्हापासून पुलियासाठी मी दोनच मुक्काम देतो. तुमच्यासाठी फासानो आणि ऑस्तुनी यांच्या मधल्या सपाटीवर पाच रात्री आणि लेच्चे शहरात चार रात्री. विमानाने बारीला उतरा आणि परतीचे विमान ब्रिंदिसीहून घ्या, म्हणजे आल्या रस्त्याने मागे जाण्याची वेळ येत नाही.

पहिला मुक्काम मास्सेरियात करा आणि पैसा सैल सोडायचा असेल तर तो इथे सोडा. मास्सेरिया म्हणजे जुने शेतवाडे. यांतले बरेच १६व्या शतकाच्या आसपासचे आहेत आणि समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांच्या भीतीने तटबंदी घालून बांधलेले आहेत. जाड भिंती, बाहेरच्या बाजूला मोजक्याच खिडक्या, मध्ये मोठे अंगण आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली खडकात खोदलेला तेलाचा घाणा, अशी त्यांची रचना असते. भिंतींना दरवर्षी चुना लावण्याची रीत असल्याने दुपारी त्या अंगणात उभे राहिले की डोळे दिपतात. २०२४ च्या जूनमध्ये जी-७ शिखर परिषद साव्हेलेत्रीजवळच्या बोर्गो एग्नात्सियामध्ये झाली आणि आपले पंतप्रधानही पाहुणे म्हणून तिथे गेले होते, त्यामुळे ते नाव आता पुष्कळांना माहीत आहे. ते सुंदर आहे, पण ती जुनी वास्तू नव्हे. जुन्या खेड्याच्या धर्तीवर नव्याने बांधलेले ते हॉटेल २०१० मध्ये सुरू झाले. आरास आणि सेवा हवी असेल तर ते घ्या. मला विचाराल तर पंधरा-वीस खोल्यांची, मालक स्वतः राहतो अशी खरी जुनी मास्सेरिया तुमच्या प्रसंगाला अधिक शोभेल.

आरक्षणापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारून घ्या. रात्रीचे जेवण रोज मिळते की आठवड्यातून काही दिवसच? समुद्र किती अंतरावर आहे आणि किनाऱ्यावर त्यांच्या राखीव खुर्च्या आहेत का? खोली मूळ वाड्यात आहे की मागाहून बांधलेल्या भागात? तिसऱ्या प्रश्नावरच खरी गंमत अवलंबून असते, कारण छायाचित्रात दिसणारी दगडी कमानीची खोली पुष्कळदा मूळ वाड्यातल्या चार-पाच खोल्यांपुरतीच असते आणि उरलेल्या खोल्या साध्या असतात.

या सपाटीचे दुसरे वैभव म्हणजे ऑलिव्हची प्राचीन झाडे. पीळ घातलेल्या, पोकळ झालेल्या, आपल्याकडच्या जुन्या वडासारख्या बुंध्यांची ही झाडे शेकडो वर्षांची आहेत आणि लाल मातीत दूरवर पसरलेली आहेत. पुढे लेच्चेच्या दक्षिणेला गाडीने जाल तेव्हा मात्र मैलोन्मैल राखाडी, वाळलेले सांगाडे दिसतील. झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू २०१३ मध्ये गाल्लिपोलीच्या परिसरात आढळला. रस शोषणाऱ्या एका किड्यामार्फत तो पसरला आणि त्याने लाखो झाडे मारली. सहलीच्या माहितीपत्रकांत हे कोणी छापत नाही, पण ते दृश्य पाहून तुम्ही चक्रावू नये म्हणून सांगून ठेवतो.

मास्सेरियाहून इत्रिया खोरे अर्ध्या तासावर आहे. आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची घरे, म्हणजे त्रुल्ली, पाहायलाच हवीत. १९९६ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. चुना किंवा माती न वापरता नुसत्या चुनखडीच्या चिपा एकावर एक रचून हे शंकू उभे केलेले आहेत. कोकणातला गडगा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ही विद्या परकी वाटणार नाही, फक्त इथे तो गडगा वर जाता जाता आत झुकतो आणि छप्पर होतो. राजाचे अधिकारी कर मोजायला आले की छपरे उतरवून ठेवता यावीत म्हणून तिथल्या जमीनदार काउंटांनी रयतेला चुना वापरू दिला नाही, अशी हकीकत सांगतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. मधल्या वेळात पर्यटकांच्या बसगाड्या असतात. दुकानांनी भरलेला रिओने माँती हा भाग लवकर उरका आणि रस्त्यापलीकडच्या आइया पिक्कोला या वस्तीत जा, जिथे अजून लोक राहतात आणि दोरीवर कपडे वाळत असतात. त्याच दिवशी लोकोरोतोंदोचे वर्तुळाकार गाव आणि मार्तिना फ्रांकाचे बारोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या शैलीतले, चौक होतात. चिस्तेर्निनोची ख्याती खाटकाच्या दुकानातच मांस भाजून वाढण्याची आहे, त्यामुळे तुमच्यासाठी ते संध्याकाळच्या फेरफटक्यापुरते पुरे.

पोलिन्यानो आ मारे हे कड्यावरचे गाव तुम्ही छायाचित्रांत नक्की पाहिले असेल. इथे आपल्या लोकांचा हमखास एक घोटाळा होतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याची सवय असल्यामुळे सूर्य समुद्रातच बुडतो असे आपण गृहीत धरतो. एड्रियाटिकचा किनारा मात्र पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथे सूर्य पाठीमागे, जमिनीवर मावळतो आणि संध्याकाळी सहालाच त्या प्रसिद्ध कड्यांवर सावली पडलेली असते. म्हणून पोलिन्यानो सकाळी करा आणि समुद्रातला सूर्यास्त आयोनियन बाजूच्या गाल्लिपोलीसाठी राखून ठेवा. गावातल्या गुहेत मांडलेले भोजनालय अतिशय महाग आहे. तिथे किंमत जागेची आहे, ताटाची नाही, हे लक्षात घेऊनच जायचे की नाही ते ठरवा.

बारी शहरासाठी अर्धा दिवस ठेवा, पण गाडी फासानो किंवा मोनोपोलीच्या स्थानकावर लावून रेल्वेने जा. संत निकोलसचे अवशेष १०८७ मध्ये तिथे आणले गेले आणि त्यांच्यासाठी बांधलेले बॅसिलिका आजही यात्रेचे ठिकाण आहे. नाताळचा सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तोच हा संत. जुन्या शहरात किल्ल्यासमोरच्या कमानीतून आत शिरले की गल्लीत बायका दारासमोर लाकडी पाट मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळताना दिसतात. रवाळ गव्हाच्या पिठाची आणि नुसत्या पाण्याची घट्ट कणीक असते. तिची करंगळीएवढी वळी करायची, सुरीने नखाएवढा तुकडा तोडायचा, सुरीच्या बोथट पात्याने तोच तुकडा पाटावर ओढून घ्यायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की छोटा कान तयार होतो. लग्नघरात गव्हले, नखुले आणि मालत्या करणाऱ्या आपल्या आज्या-मावश्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, इतका तो हातांचा वेग सारखा आहे. माझ्यासोबतच्या एका सोलापूरच्या आजींनी तिथे पाटावर बसून स्वतःचे नखुले करून दाखवले होते. भाषेचा एकही शब्द न कळता त्या आणि तिथली पास्ता वळणारी बाई वीस मिनिटे बोलत होत्या.

शाकाहाराचा प्रश्न पुलियात सोपा आहे, पण जागरूक राहावे लागते. इथला पारंपरिक पास्ता अंड्याशिवायचा असतो. सोललेल्या बाकल्याचे, म्हणजे फावा नावाच्या कडधान्याचे, आपल्या पिठल्याच्या जवळ जाणारे गरगट आणि त्यावर उकडलेली कडवट चिकोरीची पाने ही गरिबाघरची पाककृती आता उंची ताटात आली आहे. ती अवश्य खा. सालेंतोमध्ये, म्हणजे लेच्चेच्या आसपासच्या भागात, हरभरे घालून केलेला आणि थोड्या पट्ट्या कुरकुरीत तळून त्यात मिसळलेला पास्ता मिळतो. बारीची फोकाच्चा, म्हणजे भाजलेली जाड रोटी, टोमॅटो-ऑलिव्हची असते, आणि पानझेरोत्तो हा तर आकाराने करंजी आणि आत टोमॅटो-चीज असा प्रकार आहे. आता खाचखळगे. चीमे दी रापा या भाजीबरोबरच्या ओरेक्किएत्तेमध्ये बहुधा अँकोव्ही मासा विरघळवलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ती भाजी थंडीतली आहे, सप्टेंबरमध्ये टोमॅटोचा रस आणि काचोरिकोत्ता चीज घातलेले ओरेक्किएत्ते मागवणे शहाणपणाचे. आंद्रियाचे बुर्राता हे मऊ चीज जगप्रसिद्ध आहे, परंतु दूध फाडण्यासाठी सहसा प्राणिजन्य रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले विरजण, वापरलेले असते. लेच्चेच्या पास्तिचोत्तो या क्रीमच्या पेस्ट्रीत अंडे असते आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही असते. तुमचे पथ्य किती काटेकोर आहे ते आधी ठरवून मास्सेरियाला चार ओळींचे पत्र पाठवा. ‘शाकाहारी’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही, मांस, मासे, अँकोव्ही आणि चरबी नको असे वेगवेगळे लिहावे लागते.

पाचव्या दिवशी दुपारनंतर मातेराला जाऊन रात्री परतता येते. ते शेजारच्या बासिलिकाता प्रांतात आहे आणि गाडीने साधारण दीड तासाचा रस्ता आहे. खडकात कोरलेल्या घरांतून १९५० च्या दशकात सरकारने लोकांना सक्तीने हलवले, १९९३ मध्ये तीच वस्ती जागतिक वारसा झाली आणि २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवली. दिवे लागण्याच्या वेळी दरीच्या कडेला उभे राहायचे, एवढेच तिथे करायचे आहे. दमला असाल तर हा दिवस बिनदिक्कत गाळा आणि मास्सेरियातल्या पोहण्याच्या तलावाकाठी पडून राहा. सम्राट फ्रेडरिक दुसरा याचा अष्टकोनी किल्ला, जो इटलीच्या एक सेंटच्या नाण्यावर आहे, तो मी तुमच्या आखणीत घातलेला नाही. तो तुमच्या वाटेवर नाही.

लेच्चेत जुन्या शहराच्या आत, एखाद्या पालात्सोमध्ये, म्हणजे जुन्या सरदारी वाड्यात खोली घ्या. इथला दगड मऊ आणि मधाच्या रंगाचा असल्यामुळे कारागिरांनी तो लाकडासारखा कोरला. सांता क्रोचे या चर्चचे काम १५४९ मध्ये सुरू झाले ते १६९५ पर्यंत चालले, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर इतके प्राणी, फळे आणि राक्षस दाटीवाटीने बसले आहेत की पहिल्यांदा काहीच नीट दिसत नाही. समोरच्या पायरीवर बसून एक एक आकृती शोधा. दुपारी एक ते पाच शहर झोपलेले असते, दुकाने बंद आणि रस्ते रिकामे. त्यावर चडफडू नका, तुम्हीही झोपा. सहानंतर लोक ठेवणीतले कपडे घालून फिरायला निघतात आणि जेवण आठाच्या आत मिळत नाही. बर्फावर ओतलेली कॉफी आणि तिच्यात बदामाचे गोड दूध हे लेच्चेचे पेय दुपारनंतर घ्यावे.

समुद्रस्नानाच्या दिवसांसाठी लेच्चे हा मुक्काम मी एका कारणासाठी निवडतो, ते कारण म्हणजे वारा. सालेंतोचा हा द्वीपकल्प इतका चिंचोळा आहे की लेच्चेहून ओत्रांतो आणि गाल्लिपोली, म्हणजे एड्रियाटिक आणि आयोनियन, दोन्ही पाऊण तासाच्या आत आहेत. तिथले लोक सकाळी उठल्यावर आज कुठल्या समुद्रावर जायचे हे वाऱ्यावरून ठरवतात. उत्तरेचा त्रामोंताना वाहत असला तर एड्रियाटिक खवळतो आणि आयोनियन काचेसारखा निवांत असतो. आग्नेयेकडून शिरोक्को आला की उलट. हॉटेलातल्या माणसाला नाश्त्याच्या वेळी एवढेच विचारा, की आज वारा कुठला. किनाऱ्यावरचे आगाऊ आरक्षण आठवडाभर आधी करून ठेवणारे पाहुणे वाळू खात बसलेले मी पाहिले आहेत. सप्टेंबरात आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी फोन केला तरी साधारणपणे जागा मिळते.

किनाऱ्यावर दोन प्रकार असतात. मोकळा सार्वजनिक किनारा आणि लिडो, म्हणजे छत्री-खुर्च्या भाड्याने देणारी खासगी जागा. लिडोवर दोन खुर्च्या आणि एक छत्री असा जोड मिळतो आणि पहिल्या रांगेचे भाडे मागच्या रांगेपेक्षा बरेच जास्त असते. पन्नाशीत पाठीचा विचार करून लिडोच घ्या, पण पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका, तिसऱ्या रांगेतूनही समुद्र तोच दिसतो. एड्रियाटिकची बाजू पुष्कळ ठिकाणी खडकाळ आहे आणि खडकांत काटेरी समुद्री अर्चिन असतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट बरोबर ठेवा. मऊ वाळू हवी असेल तर आयोनियन बाजूला पोर्तो चेझारेओ आणि पेस्कोलुझे आहेत.

ओत्रांतोला समुद्राबरोबर कॅथेड्रलही पाहा. पांतालेओने नावाच्या साधूने ११६३ ते ११६५ या काळात तिथल्या संपूर्ण जमिनीवर रंगीत दगडांचे एक प्रचंड झाड घातले. त्याच्या फांद्यांवर नोआची नौका आहे, अलेक्झांडर आहे, राजा आर्थर आहे, आणि ते सगळे झाड ज्यांच्या पाठीवर उभे आहे ते दोन हत्ती आहेत. हत्ती पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना कळते की कारागिराने हत्ती बहुधा ऐकूनच काढला असावा. तिथून सांता मारिया दी लेउकापर्यंतचा कड्याचा रस्ता सकाळी गाडीने करा, आणि परतताना गाल्लिपोलीत थांबून सूर्यास्त आणि रात्रीचे जेवण घ्या. नवऱ्याने तिथली लाल कोळंबी जरूर मागवावी, कच्चे समुद्री पदार्थ मात्र सहलीच्या शेवटाकडे खावेत, पोट बिघडले तरी दिवस वाया जात नाहीत.

गाडीबद्दल दोन गोष्टी. भारतीय परवान्याबरोबर आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर ती फार आधी सांगून ठेवावी लागते, कारण तिथे गिअरच्या गाड्याच जास्त असतात. दुसरी गोष्ट झेडटीएल या तीन अक्षरांची. जुन्या शहरांत बाहेरच्या वाहनांना बंदी असते, दारात पोलीस नसतो, कॅमेरा असतो. मी स्वतः एकदा लेच्चेत चुकीच्या कमानीतून आत शिरलो, वळून लगेच बाहेर आलो, आणि पाच महिन्यांनी दोनदा शिरल्याचे दोन दंड घरपोच मिळाले, वर भाड्याच्या कंपनीची कागदपत्रांची फी निराळी. तुमचे हॉटेल जुन्या शहरात असेल तर गाडीचा क्रमांक त्यांना आधी कळवून परवानगीची नोंद करून घ्या, नाहीतर तटाबाहेर लावा. पांढऱ्या रेषांची जागा मोफत, निळ्या रेषांची पैसे भरून, आणि पिवळ्या रेषांत शिरायचे नाही.

कपड्यांबाबत तुम्ही विचारलेले नाही, पण थाटाचा विषय आहे म्हणून सांगतो. २०२० च्या जुलैमध्ये दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीने लेच्चेच्या कॅथेड्रल चौकात फॅशन शो केला, आणि त्यात सालेंतोच्या हातमागावरचे कापड आणि उत्सवातल्या दिव्यांच्या कमानी वापरल्या. तिथला थाट असा हाताने केलेल्या वस्तूंचा आहे. लिनन आणि सुती, फिक्या रंगांचे, थोडे चुरगळलेले चालते. लग्नाच्या वाढदिवसासारख्या खास रात्री एखादी हलकी महेश्वरी नेसलीत तर त्या अंगणात ती कुठल्याही गाऊनपेक्षा शोभेल. टाचेच्या चपला मात्र घरी ठेवा. गावांतल्या फरशा शतकानुशतके घासून आरशासारख्या झाल्या आहेत. चर्चमध्ये खांदे झाकायला ओढणी आणि रात्रीच्या वाऱ्यासाठी पातळ जॅकेट पुरे.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी विमान, कारण मुंबईहून बारीला थेट विमान नाही आणि एका थांब्याचे तिकीट सगळ्यात आधी महाग होत जाते. मग मास्सेरिया, मग गाडी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि सप्टेंबरसाठी मे महिन्यातच भेटीची वेळ धरा, उन्हाळ्यात त्या मिळत नाहीत. किमान ३०,००० युरोचे विमा संरक्षण लागते. जेवणाची टेबले पहिल्या आणि शेवटच्या रात्रीपुरतीच धरा.

परत येताना ऑलिव्ह तेल आणाल, तर पत्र्याच्या डब्यातले घ्या आणि चेक-इनच्या सामानात ठेवा. डब्यावर तोडणीचे वर्ष छापलेले आहे का ते बघा. नवे तेल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये तुमच्या हाती येईल ते आदल्या हंगामाचेच असणार. त्याहून जुने कोणी देऊ लागले तर घेऊ नका.